सुन्न की बधिर

सुजाता,

तुझ्या उठावन्याला सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. तू असतीस तर लगेच टोकलं असतंस, "उठावना नाही ताई, शोकसभा." असो, जे काही होतं त्यात मलाही बोलायला सांगितलं. मी गालाकडे बोट दाखवून मान हलवली. लोकांना वाटलं, बिचारीचं दुखणं उसळलंय. खरं तर त्या दिवशी गाल अगदी निमूट होता. बोलले असते तर खरं बोलून बसले असते, म्हणून गप्प राहिले. टेबलावर तुझा हार घातलेला फोटो होता. त्यात तू तोंडभर हसत होतीस, दोन्ही गाल सारखे वर गेलेले. मला त्या फोटोचाही हेवा वाटला.

हे तुला नवीन नाही. माझा हेवा तुला पहिल्यापासून ठाऊक होता. घरातलं मांजर मांडीवर घ्यावं तसा तू तो घेऊन बसायचीस. बाकी कुणाला सांगायची सोय नाही. गेलेल्या माणसाचा हेवा करणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील? म्हणून तुलाच लिहिते आहे. लिहायला गाल लागत नाही, एवढं बरं आहे.

आपण भेटलो त्या इंदूरच्या नसांच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर. मी निखिलला, म्हणजे माझ्या मुलाला घेऊन सुदामा नगरहून आले होते आणि तू विनायकरावांबरोबर सिमरोलहून. साताऱ्याहून तिथल्या कॉलेजात येऊन तुम्हाला वर्षही झालं नव्हतं. ते शिकवायचे, तू लायब्ररीत होतीस. तू ओढणी डोक्यावरून घेतली होतीस, पण उजव्या गालाला ती लागू नये म्हणून चिमटीत धरून लांब ठेवली होतीस. ते पाहिलं आणि मी ओळखलं, कारण मीही डाव्या गालावरचा पदर तसाच धरून बसले होते.

"दाढ काढली?" मी ओठ न हलवता विचारलं.

तूही ओठ न हलवता म्हणालीस, "दोन. तुम्ही?"

"एक. मल्हारगंजमध्ये. चांगली-भली होती, फालतू गेली."

हे दुखणं ज्याला होतं तो आधी दाताच्या डॉक्टरकडेच जातो आणि चांगली दाढ गमावून येतो. आपण दोघी त्याच वाटेने आलो होतो. समोर बसलेल्या गृहस्थांना मात्र वाटलं की या दोन बायका दातओठ खाऊन भांडताहेत. ते उठून पलीकडच्या बाकावर गेले.

तू त्याला कळ म्हणायचीस, मी करंट. सगळी नोकरी विजेच्या ऑफिसात गेली, तिथे कधी करंट लागला नाही, तो रिटायर झाल्यावर गालात लागला. तोंड धुताना, दात घासताना, वाऱ्याच्या झुळकीने, कधी नुसतं कुणाला "हो" म्हणताना. क्षणभरच लागतो, पण त्या क्षणात माणूस नाव-गाव विसरतो. मग गाल शहाण्या मुलासारखा बसतो आणि आपण पुढच्या झटक्याची वाट बघत बसतो. गोळ्यांनी झोप तेवढी यायची. डॉक्टर म्हणाले, आता गोळ्या पुऱ्या पडणार नाहीत, आणि दोघींसमोर दोन रस्ते ठेवले. एक मोठं ऑपरेशन. कानामागून उघडायचं, चेहऱ्याच्या नसेवर चढून बसलेली रक्तवाहिनी बाजूला करायची आणि नस आणि वाहिनीच्या मधे एक छोटी गादी ठेवायची. दुसरा सोपा रस्ता, गालातून सुई घालून ती नस थोडी जाळायची. त्यात दुखणं थांबतं, पण गाल सुन्न राहतो.

तुझं हिंदी तेव्हा म्हणजे मराठीला "है" जोडलेलं. तू डॉक्टरांना विचारलंस, "मेरा गाल बधिर तो नहीं होगा ना?" हिंदीत बधिर म्हणजे बहिरा, हे तुला कोण सांगणार? डॉक्टरांना वाटलं, तुला ऐकू कमी येतं. त्यांनी ताबडतोब तुला कानाच्या तपासणीला पाठवलं. काचेच्या खोलीत कानांवर हेडफोन लावून बसून आलीस आणि माझ्याकडे तक्रार केलीस, "गाल दुखतोय आणि कान तपासतात. कसले हो डॉक्टर तुमच्या गावचे?"

मी तुला अर्थ सांगितला. तू आधी माझ्याकडे बघत राहिलीस, मग हसायला लागलीस, आणि हसलीस त्याबरोबर तुला कळ आली. तुला बघून मी हसले आणि मला करंट लागला. दोघींच्या डोळ्यांतून पाणी, आणि थांबता येईना. निखिल आणि विनायकराव घाबरून नर्सला बोलवायला धावले.

वाद तिथून सुरू झाला. "ताई, मन सुन्न होतं. गाल बधिर होतो."

"आमच्याकडे गालच सुन्न होतो. आमची पाचवी पिढी आहे इंदूरला. आमचं मराठी पण मराठीच आहे."

"मराठी नाही हो ते. हिंदीला नेसवलेली नऊवारी आहे."

मला राग आला होता. घरी येऊन ते वाक्य मी निखिलला तीनदा ऐकवलं, तेव्हा कळलं की मला तू आवडली होतीस.

मी सुई घेतली. माझं वय, माझं बीपी, आणि निखिलचं, "आई, डोकं नाही उघडायचं, बस." तू मोठं ऑपरेशन केलंस. तू धीट होतीस म्हणून नव्हे, तरुण होतीस म्हणून, हे मी तुला पुढे कितीदा ऐकवलं. तू कधी वाद घातला नाहीस. त्याचा मला आणखी त्रास व्हायचा.

पहिली काही वर्षं आपण बरोबरीत होतो. दुखणं दोघींचं गेलं. माझा गाल सुन्न झाला होता, म्हणजे तुझ्या भाषेत बधिर. चहा ओठातून ओघळला तरी मला कळायचं नाही. चारचौघांत तू नुसता स्वतःच्या हनुवटीवरून रुमाल फिरवायचीस, की मी समजायचे. तुझ्या गालाला मात्र सगळं कळत होतं, पाणी, ऊन, उशीची खोळ. हेवा तेव्हाही होता, पण तो परवडत होता.

मग माझं परत आलं. एका साध्या सकाळी, दात घासताना. आणि गाल सुन्नच राहिला. वरून बोट फिरवलं तर कळत नाही आणि आतून करंट. म्हणजे गालही गेला आणि दुखणंही राहिलं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, ही म्हण तू मला तेव्हा म्हणू दिली नाहीस. म्हणालीस, "अजून धुपाटणं नका म्हणू." तुला बोलायला काय जात होतं?

कारण तुझं परत आलं नाही. वर्षामागून वर्षं गेली, तुझं नाहीच आलं. दर वर्षी तू डॉक्टरांना दाखवायला जायचीस, ते विचारायचे, "दर्द लौटा?", तू म्हणायचीस, "नहीं." ते तू मला फोनवर सांगायचीस ते अगदी हळू आवाजात, नापास मुलाच्या घरी पेढे द्यायला आल्यासारखी. मी म्हणायचे, "वा." फोन ठेवून अंगणात जाऊन झाडांना पाणी घालायचे, लागतं त्याहून जास्त.

तू थंडीत सिमरोलच्या वाऱ्यात स्कूटर चालवायचीस. डोक्यावरून पाणी घेऊन न्हायचीस. माठातलं गार पाणी घटाघटा प्यायचीस आणि वर म्हणायचीस, "आमच्या साताऱ्याच्या पाण्याची चव नाही." मी समोर बसून कोमट पाणी चमच्याने घेत असायचे. सांग, हेवा नको करू तर काय करू?

पण माझा खरा राग वेगळाच होता. तुला सगळं मिळालं होतं आणि तू ते वापरत नव्हतीस. तुझं ऑपरेशन होऊन इतकी वर्षं झाली तरी तू डावीकडूनच चावायचीस, हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला. तो हिवाळा आठवतो? मल्हारगंजमध्ये माझं ब्लाउज शिवायला टाकून आपण कोपऱ्यावर गराडू खायला थांबलो. गरमगरम तळलेला कंद, वर जीरावणाचा मसाला आणि लिंबू. तू घास उचललास आणि गालात डावीकडे ढकललास.

"उजवीकडून चाव," मी म्हणाले.

"सवय नाही राहिली, ताई."

"सवय नाही राहिली की डर लागून राहिला आहे?"

एरवी "लागून राहिला आहे" ऐकून तू हसली असतीस. त्या दिवशी नाही हसलीस. म्हणालीस, "डॉक्टर म्हणतात परत येऊ शकतं. कुणाचं लवकर, कुणाचं उशिरा, कुणाचं कधीच नाही. मी चावलं आणि ते तिथंच बसलेलं असलं तर?"

तू इतकी वर्षं भीत होतीस हे मला माहीत नव्हतं. कळल्यावर दया यायला हवी होती. मला आला संताप. "मला मिळालं असतं ना सुजाता, तर मी खडे चावले असते. वापरायचं तर वापर, नाहीतर मला दे."

तू डोळे मिटलेस. घास उजवीकडे घेतलास आणि चावलास. काहीही झालं नाही. तुझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसा गराडूवाला म्हणाला, "मिर्ची ज्यादा हो गई क्या आंटी?" तू मान हलवलीस आणि म्हणालीस, "और एक प्लेट दो भिया." मी माझा गराडू फुंकून, चुरून, उजव्या बाजूने गिळत होते. मला तुझा इतका राग त्याआधी कधी आला नव्हता आणि तुला चावताना बघून इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं. दोन्ही एकदम वाटतं का माणसाला? मला वाटलं.

रंगपंचमीला तू आमच्याकडे यायचीस. सारं शहर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्याकडे जायचं आणि आमच्या गल्लीत बायका गुलाल घेऊन फिरायच्या. मी दार लावून आत. गालाला हात लावणारा माणूस मला वाघापेक्षा वाईट वाटायचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. शेजारणी दोन्ही हातांनी तुझ्या गालांना गुलाल चोळायच्या आणि तू गाल पुढे करायचीस, एक झाला की दुसरा. मला आत उभं राहून तो प्रत्येक हात मोजावासा वाटायचा. मग एका वर्षी तू मागच्या दाराने आत आलीस, खाली बसलीस आणि मूठभर गुलाल माझ्या पायांना लावलास. "गाल नाही तर पाय," म्हणालीस. तळपायाला गुदगुल्या झाल्या. मी पाय मागे घेतले, तर तू धरून ठेवलेस. मला रडू आलं आणि वैतागही आला, की इथेही हीच चांगली ठरली.

शेवटची भेट आमच्या व्हरांड्यात झाली. तू परत तोच विषय काढलास. "ताई, मोठ्या ऑपरेशनचं एकदा विचारून घ्या. सुई झाली म्हणून ते होतच नाही असं नाही. तब्येत बघून करतात. मी विचारलंय."

"तुझं जमलं म्हणून सगळ्या गावाच्या डोक्यात गादी घालत नको फिरू."

"मग असंच सहन करणार?"

"आणि करून परत आलं तर? आधीच एकदा आलंय."

"येईलही. माझंही येईल एखाद दिवस."

"तुझं कशाला येऊन राहिलं आहे."

तू कपातला चहा संपवलास. मग अगदी सहज म्हणालीस, "आलं ना, तर पहिला फोन तुम्हालाच करीन, ताई. यांच्याही आधी. तुम्हाला बरं वाटेल."

"वाटेल," मी म्हणाले. "थोडं तरी वाटेल."

"मग ठरलं."

आपण हसलो, तू तोंडाने आणि मी डोळ्यांनी. इतकं स्वच्छ माझ्याशी कुणीच बोललं नाही कधी. घरचे मला सांभाळून घेतात. तू मला मत्सरी म्हणून ओळखत होतीस आणि तरी चहा प्यायला येत होतीस.

आणि मग त्या मंगळवारी सकाळी फोन वाजला. मी ब्रश हातात घेऊन, दात घासायचा धीर गोळा करत उभी होते. इतक्या सकाळी तू कधी फोन करत नाहीस. स्क्रीनवर तुझं नाव. माझ्या मनात पहिलं काय आलं, ते तुला सांगायलाच हवं, दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. मनात आलं, आलं वाटतं हिचंही परत. आणि मला बरं वाटलं. थोडं नाही, पुष्कळ. कुणीतरी बाकावर सरकून मला जागा करून दिली असं वाटलं. फोन उचलेपर्यंत मी वाक्यही जुळवलं होतं, "ये, आधी इकडे ये, बस माझ्याजवळ."

फोनवर विनायकराव होते. चहा ठेवता ठेवता तू खाली बसलीस आणि गेलीस. हार्ट. मला दिवसभरात किती झटके लागतात, तुला एकच लागला आणि संपलं.

निखिल विचारत होता, "आई, क्या हुआ? कुणाचा फोन होता?" मला ऐकू येत होतं, पण आत काही पोचत नव्हतं. ब्रश हातातच होता. डोक्यात ना दुःख होतं, ना हेवा, ना ते आधीचं बरं वाटणं. काहीच नव्हतं. तेव्हा मला तुझा शब्द कळला.

नंतर हळूहळू सगळं परत आलं, आणि सगळ्यात आधी हेवाच आला. तुझं आता कधीच परत येणार नाही. ऑपरेशन किती टिकलं असं कुणी विचारलं तर तुझं उत्तर तयार आहे, शेवटपर्यंत टिकलं. ज्याला तू इतकी भ्यालीस ते तुझ्या दाराशी आलंच नाही. यापेक्षा चांगला निकाल डॉक्टरांकडेही नसेल. फक्त तो ऐकायला तू नाहीस. आधी कळलं असतं, तर तू पहिल्या दिवसापासून उजवीकडून चावली असतीस.

तेराव्यानंतर विनायकराव आमच्याकडे आले. चहा घेईनात. म्हणाले, "ताई, डॉक्टरांकडे तिचा नंबर लावलेला आहे, दर वर्षीचा. या वेळी ती तुम्हाला ओढून नेणार होती. तुम्ही जा." मग दारात थांबून म्हणाले, "तिचं स्वतःचं तर तिथे लगेच व्हायचं. बाकी सगळा वेळ ती तुमचंच विचारत बसायची. डॉक्टर कंटाळायचे. मी बाहेर बसून कंटाळायचो."

म्हणजे माझ्याकडे तू जे हळू आवाजात "नहीं" सांगायचीस, त्याच्यामागे हे एवढं होतं आणि ते तू सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी भांडले असते, हेही खरं.

काल गेले. त्याच बाकावर बसले. आतून कंपाउंडरने हाक मारली, "सुजाताजी," आणि मी उठले. इतकी वर्षं मला तुझी जागा हवी होती. ती अशी मिळाली.

डॉक्टरांनी आधी तुझी फाइल बघितली, मग मला. निखिलने त्यांना सांगितलं. त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "उनका दर्द लौटा था?"

"नहीं," मी म्हणाले. "आखिर तक नहीं लौटा." हे मी इतक्या तोऱ्यात सांगितलं की जसं काही ऑपरेशन मीच केलं होतं.

त्यांनी कापसाचा बोळा माझ्या गालावर फिरवला. विचारलं, "यह हिस्सा सुन्न है?"

"सुन्न नहीं, डॉक्टरसाहब. गाल बधिर है."

त्यांचा हात थांबला. "बधिर? सुनने में तकलीफ कब से है?"

आणि मला हसू आलं. हसले तसा डाव्या गालात सणकून करंट गेला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला थांबता येईना. निखिल "आई, आई" करत माझा हात धरून होता. त्याला वाटलं मी रडते आहे. त्याचंही चुकलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन कानामागूनच करायचं आहे, तेव्हा कानाची तपासणी तशीही लागेल. मी काचेच्या खोलीत कानांवर हेडफोन लावून बसले. बारीक आवाज आला की बटण दाबायचं. तू बसली होतीस तसंच.

मोठ्या ऑपरेशनला मी हो म्हटलं आहे. निखिल या वेळी काही बोलला नाही. आणि तो वाद तू जिंकलीस. गाल बधिर होतो. सुन्न मी झाले होते.

टिकेल की नाही, किती टिकेल, ठाऊक नाही. टिकलं तर मल्हारगंजच्या त्या कोपऱ्यावर जाऊन डावीकडून गराडू खाईन, आणि तेव्हा तू समोर हवी होतीस असं वाटेल. एकदा तरी तू माझा हेवा करायला हवा होतास.

आणि परत आलं तर? तुझं आलं असतं तर तू पहिला फोन मला करणार होतीस. माझं आलं तर मी कुणाला करू, सुजाता? कुणाला बरं वाटेल?